हलक्या धातूंचे प्रक्रियाकालीन परीक्षण

ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, टायटॅनियम आणि त्यांच्या मिश्रधातू वितळत, गोठत, ठोकल्या जात किंवा तापवल्या जात असतानाच त्यांच्या अंतर्भागातील बदल क्ष-किरणांच्या व न्यूट्रॉनांच्या साहाय्याने टिपण्याची पद्धती. गार झालेला तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास प्रक्रियेचा शेवट तेवढा दिसतो; दोष कोणत्या क्षणी उपजला, हे त्यावरून अनुमानानेच सांगावे लागते.

बेळगावच्या सीमाभागात या धातूंचा व्यवहार बराच मोठा आहे. चंदगड तालुक्याच्या पठारांवर बॉक्साइट हे ॲल्युमिनियमचे खनिज सापडते, बेळगाव शहराला लागून त्यापासून ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचे ऑक्साइड) काढण्याचा कारखाना आहे, आणि हुक्केरी तालुक्यातील हत्तरगी येथे विमानांचे सुटे भाग घडवले जातात. उद्यमबाग व मच्छे येथील ओतकाम मुख्यतः लोखंडाचे असले, तरी ॲल्युमिनियम ओतणाऱ्याला येथील दमट पावसाळा अधिक त्रासदायक ठरतो. ओलसर भंगारातील किंवा हवेतील पाण्याचा वितळलेल्या ॲल्युमिनियमशी संयोग होऊन हायड्रोजन सुटतो व रसात विरघळतो. घन धातूत मात्र त्याच्या सुमारे विसाव्या भागाइतकाच मावत असल्याने गोठताना उरलेला वायू बुडबुड्यांच्या रूपाने अडकतो आणि यंत्रावर कातताना कास्टिंगमध्ये छिद्रे उघडी पडतात.

हे बुडबुडे वाढताना पाहायचे तर किरण धातूच्या आरपार गेले पाहिजेत. नेहमीच्या प्रयोगशाळेतील तांब्याच्या लक्ष्याच्या नळीतून मिळणारे सुमारे 8 किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे क्ष-किरण ॲल्युमिनियममध्ये मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासच क्षीण होतात. याउलट 80 किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या किरणांपैकी निम्मे सव्वा सेंटिमीटर जाडीनंतरही शिल्लक राहतात. असे किरण पुरेशा तीव्रतेने सिंक्रोट्रॉनमध्ये, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन वर्तुळाकार मार्गावर फिरवणाऱ्या यंत्रात, मिळतात. फ्रान्समधील ग्रेनोबल व जर्मनीतील हँबर्ग येथील यंत्रे यासाठी प्रसिद्ध असून भारतात इंदूर येथे इंडस-2 हे सिंक्रोट्रॉन आहे. गोठण्याच्या चित्रीकरणासाठी ॲल्युमिनियम-तांबे ही जोडी संशोधकांना विशेष सोयीची वाटते, कारण तांबे किरण अधिक शोषते आणि उरलेला तांबेयुक्त रस गडद दिसून त्यातून फांद्या फुटत जाणारे स्फटिक उठून दिसतात. ॲल्युमिनियम (अणुक्रमांक 13) व सिलिकॉन (14) आवर्तसारणीत शेजारी असल्याने त्यांच्यात असा भेद जवळपास दिसत नाही. दुर्दैवाने कारखान्यात ओतल्या जाणाऱ्या बहुतेक मिश्रधातू नेमक्या याच जोडीच्या असतात.

न्यूट्रॉनाला विद्युतभार नसतो आणि तो अणुकेंद्रकाशी आंतरक्रिया करतो, त्यामुळे ॲल्युमिनियममध्ये तो कित्येक सेंटिमीटर खोल जातो आणि जाड घडीव भागाच्या गाभ्यातील प्रतिबल (अंतर्गत ताण) मोजण्यासाठी उपयोगी पडतो. मोजणीचे तत्त्व ब्रॅग पितापुत्रांच्या विवर्तन नियमाचे आहे (विवर्तन म्हणजे स्फटिकातून किरण ठराविक कोनांतच वळून बाहेर पडणे): स्फटिकातील अणूंच्या थरांमधील, म्हणजे प्रतलांमधील, अंतर बदलले की विवर्तनाचा कोनही बदलतो. दहा हजारांत एक इतका बदलही ओळखता येतो. येथेच मोठी गोची आहे. केवळ 10 अंश सेल्सियस तापमानवाढीने ॲल्युमिनियमची प्रतले जितकी दूर सरकतात, तितकीच ती सुमारे 16 मेगापास्कल ओढीने सरकतात. म्हणून तापलेल्या तुकड्याचे तापमान अचूक ठाऊक नसेल, तर मोजलेल्या प्रतिबलावर विसंबून राहणे धाडसाचे होय. न्यूट्रॉन झोत क्षीण असल्याने प्रत्येक मापनाला वेळही अधिक लागतो. भारतात तुर्भे येथील ध्रुव अणुभट्टीतून असे झोत मिळतात.

या अभ्यासाचा एक जुना धागा उष्णतोपचाराचा आहे. ॲल्युमिनियम-तांबे मिश्रधातू ठेवून दिली की कठीण होते, हे आल्फ्रेड व्हिल्म यांनी 1906 मध्ये पाहिले होते. त्यामागील तांब्याच्या अतिसूक्ष्म पुंजांचा पुरावा गिनिए व प्रेस्टन यांनी 1938 मध्ये स्वतंत्रपणे क्ष-किरणांनीच मिळवला. आज हे पुंज भट्टीतच वाढताना लघुकोन प्रकीर्णनाने, म्हणजे अगदी लहान कोनांत विखुरलेल्या किरणांवरून, मोजता येतात.

हायड्रोजन न्यूट्रॉनांना जोरदार विखुरतो, हे खरे. पण 100 ग्रॅम वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये वितळणबिंदूपाशी तो एक मिलिलिटरपेक्षाही कमी विरघळत असल्याने तो थेट दिसत नाही. म्हणून फाउंड्रीच्या प्रश्नापुरते पाहायचे ते वायूला नव्हे, तर त्याने गोठणाऱ्या धातूत पाडलेल्या छिद्रांना, आणि त्या कामाला क्ष-किरणच सोयीचे पडतात.