चार लिटर पाणी कुणी ठरवलं?

ऊन तापायला लागलं की मोबाईलवर तोच मेसेज फिरतो: रोज चार लिटर पाणी प्या, सकाळी उठल्या उठल्या दोन तांबे रिचवा, अंगातली सगळी घाण निघून जाते. गुऱ्हाळात चुलवाणाला जाळ घालणारा, शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीपुढं उभा असणारा आणि कोल्हापूरच्या राजारामपुरीत एसीत बसून बिलं करणारा, या तिघांना एकच माप कसं लागू पडेल?

१९४५ साली अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळानं दिवसाला अडीच लिटरची शिफारस केली. यातलं बरंचसं पाणी अन्नातूनच मिळतं, असंही तिथंच लिहिलं होतं. आकडा तेवढा लोकांच्या लक्षात राहिला. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१० मध्ये बायकांना २ आणि पुरुषांना २.५ लिटर सांगितलं, तेही चहा, आमटी, भाजी, फळं सगळं धरून आणि बेताच्या हवामानात.

खरं माप आपल्या डोक्यात आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो. रक्त जरा खारट झालं की तिथल्या ठरावीक पेशी आकसतात आणि संदेश सोडतात. एक-दोन टक्क्यांचा फरकही त्यांना कळतो. तांबडा-पांढरा ओरपून उठल्यावर हात तांब्याकडं जातो तो त्यामुळंच. त्याच वेळी पिट्युटरी ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक रक्तात उतरतं.

पुढं मूत्रपिंडात जे घडतं ते मला शरीरातलं सगळ्यात देखणं काम वाटतं. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक वाटेतच परत शोषला जातो. उरलेल्यातलं किती राखायचं आणि किती सोडायचं, हे शेवटच्या संग्राहक नलिका ठरवतात. त्यांच्या पेशींच्या आत बारीक पुटिका, म्हणजे इवल्या पिशव्या, असतात आणि पुटिकांवर अ‍ॅक्वापोरिन-२ या प्रथिनाच्या वाहिन्या. व्हॅसोप्रेसिन पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला चिकटलं की आत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, प्रथिनांना फॉस्फेट जोडले जातात आणि पुटिका नळीकडच्या आवरणात जाऊन मिसळतात. मग त्या वाहिन्यांतून नळीतलं पाणी परत शरीरात येतं. वाहिनीचं भोक इतकं अरुंद की पाण्याचे रेणू दर्शनाच्या रांगेसारखे एकामागं एक सरकतात. तरीही अशा एका वाहिनीतून सेकंदाला अब्जावधी रेणू जाऊ शकतात, आणि हायड्रोजनचा सुटा आयन मात्र पार होत नाही. अ‍ॅक्वापोरिनच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आपण पाणी प्यायलो की संप्रेरक घटतं, वाहिन्या पुन्हा आत ओढल्या जातात आणि लघवी पातळ होते.

म्हणजे जादा प्यायलेलं पाणी घाण धुऊन नेत नाही, ते नुसतंच बाहेर पडतं. मूत्रपिंडं तासाला साधारण एक लिटरपर्यंतच पाणी बाहेर टाकू शकतात. पैज लावून त्याहून पुष्कळ प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, मेंदूला सूज येते, जीवही जाऊ शकतो. म्हातारपणी मात्र तहान मंदावते, तेव्हा आजीला पाणी आठवणीनं द्यावं. मुतखडा असणाऱ्यांनी जास्त प्यावं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. भट्टीपुढं घाम गाळणाऱ्याला पाण्याबरोबर मीठही हवं.

आणि कुठलं पाणी? पाणी अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं, करणारी हजारो रुपयांची अल्कलाइन मशीनं खपवली जातात. पण पोटात गेल्याबरोबर जठरातल्या आम्लापुढं त्या पाण्याची अल्कता टिकत नाही, आणि रक्ताचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, ७.३५ ते ७.४५ मध्ये ठेवायला फुप्फुसं आणि मूत्रपिंडं समर्थ आहेत. उभं राहून प्यायल्यानं गुडघे जातात यालाही काही आधार नाही. नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तर निव्वळ क्षार काढायला आरओ फिल्टरची गरज नाही.

आपल्या जिल्ह्यात खरा धोका जंतूंचा आहे. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली ती दूषित पाण्यानं. पंचगंगेला पूर आला, नळाला गढूळ पाणी आलं, की ते फडक्यानं गाळून खळखळ उकळावं, झाकून निववावं आणि तांब्या न बुडवता ओगराळ्यानं काढावं.