घशातील गाठ आणि सोनोग्राफीच्या नजरेखालची सुई : पार्श्वभूमी

मे १८८७ मध्ये जर्मनीचे युवराज फ्रेडरिक यांच्या बसलेल्या आवाजाचे कारण शोधण्यासाठी घशाचे ब्रिटिश तज्ज्ञ मोरेल मॅकेंझी यांनी त्यांच्या स्वरयंत्रातील गाठीचा तुकडा काढला. थोर विकृतिशास्त्रज्ञ (रोगग्रस्त ऊती तपासणारे) रुडॉल्फ व्हिर्शो यांना त्यात कर्करोग आढळला नाही, त्यामुळे मोठी शस्त्रक्रिया टळली. पण पुढच्या वर्षी सम्राट झालेले फ्रेडरिक अवघ्या ९९ दिवसांच्या कारकिर्दीनंतर, १५ जून १८८८ रोजी, स्वरयंत्राच्या कर्करोगानेच मरण पावले. तपासलेला तुकडा रोगाच्या नेमक्या जागेचा होता का, ही शंका तेव्हापासून घशाच्या बायॉप्सीची, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीची, पाठ सोडत नाही, आणि पुढची सारी वाटचाल याच शंकेच्या अंगाने पाहावी, असे मला वाटते.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधील हेस मार्टिन आणि एडवर्ड एलिस यांनी १९३० मध्ये सुईने गाठीतील पेशी ओढून घेऊन निदान करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मानेतील गाठ निदानापुरती कापून काढली, तर पुढची मुख्य शस्त्रक्रिया अवघड होते, हे मार्टिन पुढेही आग्रहाने मांडत राहिले. त्यांची सुई मात्र १८ गेजची, म्हणजे बरीच जाड होती. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात सिक्स्टेन फ्रान्झेन आणि योसेफ झायिचेक यांनी १९५० व १९६० च्या दशकांत बारीक सुईची तपासणी, म्हणजे आजची एफएनएसी, रुजवली. तरीही सुई कुठे टोचायची हे बोटांना लागणाऱ्या गाठीवरूनच ठरत असे. खोलवरची किंवा लहान गाठ हाती लागत नसे.

ध्वनिलहरींनी शरीराच्या आतले चित्र दाखवणाऱ्या सोनोग्राफीने ही अडचण पुढे दूर केली. ग्लासगोचे डॉक्टर इयान डोनाल्ड यांचा तिच्यावरील गाजलेला निबंध १९५८ चा. १९७२ मध्ये कोपनहेगनमध्ये आणि अमेरिकेत, मधोमध छिद्र असलेल्या प्रोबमधून (त्वचेवर टेकवून ध्वनिलहरी सोडणाऱ्या उपकरणातून) सुई नेण्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले. पुढे हलते चित्र त्याच क्षणी दिसू लागले, आणि त्वचेलगतच्या गाठी स्पष्ट दाखवणारे उच्च वारंवारितेचे प्रोब आले, तेव्हा थायरॉइड व मानेतील लसिकाग्रंथींमध्ये सुईचे टोक डोळ्यांसमोर ठेवून नमुना घेता येऊ लागला. तंबाखूमुळे तोंड आणि घशाचे कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या आपल्या देशात याचे मोल फार मोठे आहे, कारण या कर्करोगांची पहिली खूण काही रुग्णांत मानेतली गाठच असते.

खुद्द स्वरयंत्र मात्र अवघड ठरले, कारण ध्वनिलहरी हवेपलीकडे जात नाहीत आणि वयानुसार हाडासारखी कडक झालेली स्वरयंत्राची कूर्चाही (लवचिक हाडही) त्यांना अडवते. तरीही कूर्चेबाहेर पसरलेल्या गाठीपर्यंत, किंवा कंठास्थी (स्वरयंत्रावरचे छोटे हाड) आणि कूर्चा यांच्यामधल्या पडद्यातून आत, सुई नेता येते. त्यामुळे पूर्ण भूल देणे धोक्याचे असलेल्या रुग्णांतही, जागा भूल देऊन बधिर करून, ऊतींचा नमुना मिळू शकतो. अशा नमुन्यात कर्करोग दिसला नाही, पण डॉक्टरांचा संशय कायम राहिला, तर नमुना पुन्हा घेतला जातो किंवा दुर्बिणीतून थेट तुकडा काढला जातो.