मेल सर्व्हरवरील सामायिक खातेनोंदी

स्वतः चालवलेल्या मेल सर्व्हरवरचे पत्ते, पासवर्ड, टोपणपत्ते आणि पेटीची मर्यादा ही माहिती सगळ्या प्रोग्रॅमना एकाच साठ्यातून मिळावी, अशी केलेली व्यवस्था. पोस्टफिक्स मेल घेतो आणि पाठवतो. डव्हकॉट ती पेटीत ठेवतो आणि वाचायला देतो. दोघांच्या याद्या वेगळ्या असल्या की नोकरी सोडलेल्याचे खाते एकीकडे बंद होते, दुसरीकडे चालूच राहते.

डव्हकॉट दोन प्रश्न विचारतो: पासवर्ड बरोबर आहे का (पासडीबी) आणि पेटी कुठे आहे (युजरडीबी). व्यवहारात दोन्हींची उत्तरे एकाच तक्त्यातून देता येतात. पंधरा-वीस माणसांच्या ऑफिसला साधी मजकूर फाइलही पुरते. पत्ते वरचेवर बदलत असतील तर मारियाडीबी किंवा पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस घ्यावा. ओपनएलडॅप (खात्यांची मध्यवर्ती निर्देशिका ठेवणारा सर्व्हर) मात्र वायफाय, फाइल सर्व्हर वगैरेंसाठी आधीच असेल तरच. निव्वळ मेलसाठी तो उगाच व्याप आहे. पेट्यांची मालकी बहुधा ‘व्हीमेल’ या एकाच लिनक्स युजरकडे देतात. त्याचा क्रमांक 5000 ठेवण्याचा प्रघात आहे.

पासवर्ड हॅश करूनच (म्हणजे ज्यातून मूळ शब्द परत काढता येत नाही अशा सांकेतिक रूपातच) ठेवावा. हॅशपुढे महिरपी कंसात पद्धतीचे नाव लिहिले की जुने आणि नवे हॅश एकाच रकान्यात नांदतात. लॉगिनची तपासणी पोस्टफिक्स डव्हकॉटवर सोपवू शकतो. तसे केल्यास पोस्टफिक्सच्या डेटाबेस युजरला पासवर्डचा रकाना वाचायची परवानगी देऊच नये.

डेबियन या लिनक्सवर हमखास होणारी चूक म्हणजे डेटाबेसचा पत्ता ‘लोकलहोस्ट’ लिहिणे. ‘लोकलहोस्ट’ म्हटले की जोडणी नेटवर्कऐवजी सॉकेट नावाच्या खास फाइलमधून होते. पण पोस्टफिक्सचे काही भाग क्रूटमध्ये, म्हणजे एकाच फोल्डरपुरते, कोंडलेले असल्याने त्यांना मारियाडीबीचे सॉकेट दिसत नाही; 127.0.0.1 लिहिले की काम होते. मारियाडीबीची मूळ मर्यादा 151 जोडण्यांची आहे आणि पोस्टफिक्सची प्रत्येक प्रक्रिया आपापली जोडणी उघडते. म्हणून पोस्टफिक्सच्या सेटिंगमध्ये नकाशाच्या (पत्ते शोधायच्या तक्त्याच्या) नावाआधी ‘प्रॉक्सी’ लावून या जोडण्या सामायिक कराव्यात.

साठा बंद पडण्यापेक्षा चुकीचे उत्तर देणारा साठा जास्त घातक. समजा, ऑफिस ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आणि मूळ डेटाबेस महाप्याच्या डेटा सेंटरमध्ये आहे; मेल सर्व्हर ठाण्यात आहे. लाइन तुटली तर पोस्टफिक्स 451 (तात्पुरता नकार) देतो. पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा प्रयत्न करतो (पोस्टफिक्स असेल तर सहसा 5 दिवस). पण ठाण्यात डेटाबेसची प्रत ठेवली असेल आणि ती अर्धवट भरलेली असेल तर उत्तर येते ‘असा पत्ता नाही’, म्हणजे 550 (कायमचा नकार), आणि मेल तिथल्या तिथे परत जाते. त्यामुळे स्थलांतराच्या काळात अनोळखी पत्त्याचा नकार 450 (तात्पुरता) करून ठेवतात. प्रत फक्त वाचण्यासाठी वापरावी. बदल महाप्यातच करावेत.

डव्हकॉटचा लॉगिन कॅशे (तपासलेल्या लॉगिनची तात्पुरती नोंद) चालू असेल तर बदललेला जुना पासवर्डही तासभर चालू शकतो. खाते बंद करताना कॅशे रिकामा करावा आणि उघडी सत्रे ‘डव्हअ‍ॅडम किक’ या आज्ञेने तोडावीत.