टोरस सुडोकू

टोरस सुडोकू : सुडोकूचा (प्रत्येक ओळ, स्तंभ आणि गट यांत 1 ते 9 अंक एकेकदाच भरण्याच्या कोड्याचा) एक प्रकार. यात 9×9 चौकटीची डावी कड उजव्या कडेला आणि वरची कड खालच्या कडेला जोडलेली आहे असे मानतात. चौकोनी पत्र्याची नळी करून तिची दोन्ही तोंडे एकमेकांना भिडवली की मेदूवड्यासारखा पृष्ठभाग तयार होतो. भूमितीत त्याला टोरस म्हणतात. (कागदाने हे करू गेल्यास कागद चुरगळतो, रबर घ्यावे.) कोडे मात्र सपाट कागदावरच छापतात.

नेहमीचे 3×3 चे चौकोन तसेच ठेवले तर या जोडणीने काहीच बदलत नाही. ओळ वर्तुळाकार झाली तरी तिच्यातली नऊ घरे तीच राहतात. म्हणून या प्रकारात नऊ-नऊ घरांचे गट वेड्यावाकड्या आकारांचे असतात. एखादा गट उजव्या कडेशी तुटतो आणि त्याच ओळीत डावीकडून पुढे सुरू होतो. चौकटीच्या चार कोपऱ्यांतली घरे टोरसवर एकमेकांना लागून येतात, त्यामुळे ती एकाच गटात असू शकतात. नवखा सोडवणारा अशा गटाचे तुकडे वेगळे समजून फसतो. त्याला एक सोपा उपाय आहे : वरच्या दोन-तीन ओळी कापून खाली, किंवा डावीकडचे दोन-तीन स्तंभ कापून उजवीकडे चिकटवावेत. कोडे बदलत नाही आणि तुटका गट मध्यभागी अखंड दिसू लागतो.

टोरसवर कर्णही तुटत नाहीत. कडेबाहेर गेलेला कर्ण समोरच्या कडेतून आत येतो, आणि दोन्ही दिशांचे मिळून 18 कर्ण होतात. या सर्वांवर 1 ते 9 अंक एकेकदाच यावेत अशी अट घालता येईल का? येत नाही. एका अंकाची नऊ घरे घ्या. ओळींना आणि स्तंभांना 0 ते 8 क्रमांक द्या. अट पाळली गेली तर ‘ओळ + स्तंभ’ आणि ‘ओळ − स्तंभ’ यांना 9 ने भागून उरणाऱ्या बाक्याही 0 ते 8 अशा एकेकदाच येतील. 0 ते 8 च्या वर्गांची बेरीज 204. बेरीज आणि वजाबाकी यांच्या वर्गांची बेरीज मूळ दोन वर्गांच्या बेरजेच्या दुप्पट असते. म्हणजे 408 (204 + 204) आणि त्याची दुप्पट 816 यांना 9 ने भागून सारखीच बाकी उरायला हवी. पण 408 ला 9 ने भागल्यास बाकी 3 उरते, 816 ला भागल्यास 6. दोन्ही बाजू जुळत नाहीत. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी 1918 मध्ये टोरसच्या बुद्धिबळपटावर एकमेकांना मारू शकणार नाहीत असे वजीर (प्रत्येक ओळीत एक) मांडण्याच्या प्रश्नात हेच दाखवले : पटाची बाजू 2 किंवा 3 ने भाग जाणारी असेल तर मांडणी होत नाही. 5×5 मध्ये ती सहज होते. 12345 खाली 34512, मग 51234, 23451, 45123.

हा मुद्दा इतिहासातही उपयोगी पडतो. ‘ला फ्रान्स’ या पॅरिसच्या दैनिकात 6 जुलै 1895 रोजी आलेला ‘सैतानी’ चौरस सुडोकूचा पूर्वज मानला जातो. त्यात तुटक कर्णांवरही (कडेवरून फिरून येणारे कर्ण सपाट कागदावर तुटलेले दिसतात) 1 ते 9 अंक होते, असे सांगितले जाते. त्याचा शब्दशः अर्थ घेतल्यास असा चौरस असूच शकत नाही. तेव्हा कर्णांची बेरीज 45 होती, एवढाच अर्थ घेणे सयुक्तिक वाटते. आजच्या सुडोकूचे श्रेय साधारणपणे अमेरिकी कोडेकार हॉवर्ड गार्न्स (1979) यांना देतात.

तुटक कर्णांची कल्पना त्याहून बरीच जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (इ. स. सहावे शतक) गंधयुक्तीच्या (सुगंधी मिश्रणे बनवण्याच्या) प्रकरणात सोळा द्रव्यांचा 4×4 चौरस येतो. त्याच्या ओळी अशा : 2 3 5 8, 5 8 2 3, 4 1 7 6, 7 6 4 1. आडवी, उभी, तिरपी, अगदी कडेवरून फिरून येणारी कोणतीही चार घरे घेतली तरी बेरीज 18 च येते. याला सुडोकू म्हणणे ओढाताणीचे होईल; टोरसचे म्हणणे नाही.

टोरसऐवजी सिलिंडर (नळी) घेतल्यास कडांची एकच जोडी जुळवतात. मोबियस पट्टीवर (अर्धा पीळ देऊन टोके जोडलेल्या पट्टीवर) पीळ पडल्याने पहिली ओळ नवव्या ओळीला, दुसरी आठव्या ओळीला मिळते आणि 18 घरांच्या चार माळा होतात; नऊ घरांचा नियम फक्त पाचव्या ओळीला जसाच्या तसा लागू पडतो.