खेड्यातल्या घराचा पैसा धान्यावरच खर्च होतो का?

यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यांतील घरखर्चाविषयी बोलताना निम्म्याहून अधिक पैसा धान्यावरच जातो, असे आजही ठामपणे सांगितले जाते. हा समज आकडेवारीला धरून नाही. केंद्र सरकारच्या 2023-24 च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार देशाच्या ग्रामीण भागात दरडोई मासिक खर्च सरासरी 4,122 रुपये होता. त्यात सर्व खाद्यपदार्थांचा वाटा सुमारे 47 टक्के, तर तृणधान्यांचा जेमतेम 5 टक्के होता. 1999-2000 मध्ये तृणधान्यांचा हाच वाटा 22 टक्क्यांच्या आसपास होता.

ही घट केवळ रेशनच्या मोफत धान्यामुळे झाली, असे म्हणणेही अपुरे आहे, कारण अन्नसुरक्षा कायदा 2013 मध्ये आला आणि त्याआधीच, 2011-12 पर्यंत, हा वाटा 11 टक्क्यांखाली उतरला होता. आता खाद्यखर्चात सर्वांत मोठा वाटा पेये व तयार खाद्यपदार्थांचा, म्हणजे चहा-बिस्किटे-फरसाण यांचा आहे. बसस्थानकाजवळच्या कोणत्याही किराणा दुकानात दर्शनी भागात काय टांगलेले असते, हे पाहिले तरी याचे नवल वाटू नये.

मात्र विदर्भाच्या संदर्भात एक गोष्ट नेहमी निसटते. कपाशी-सोयाबीनचे बियाणे, खत, फवारणी आणि पीककर्जाची परतफेड यांचा उपभोग खर्चात समावेशच होत नाही. त्यामुळे या सर्वेक्षणातील वाढता खर्च म्हणजे शेतकऱ्याच्या हाती उरलेली शिल्लक नव्हे.