दोघींना एकच 'बाई' समजू नका

आमच्याकडं बीड-माजलगाव पट्ट्यात सुनेला रात्री कळा सुरू झाल्या की सासूबाई हमखास अंगणवाडीच्या बाईंचं दार वाजवतात. त्या झोपेतून उठून आशाताईंना फोन लावणार, तोवर घरातले नुसते येरझाऱ्या घालणार. अशा वेळी आधी 108 लावा आणि लगेच आशाताईंना कळवा.

अंगणवाडी तुम्हाला ठाऊकच आहे. 1975 पासूनची योजना, महिला व बालविकास खात्याची. तीन ते सहा वर्षांच्या पोरांना तिथंच गरम जेवण, त्याहून लहानांना आणि गरोदर-स्तनदा बायांना घरी न्यायचा आहार. (तो म्हशीच्या घमेल्यात ओतणाऱ्यांशी मी बोलत नाही.) आशा 2005 नंतरच्या, आरोग्य खात्याच्या, साधारण हजार वस्तीला एक. 

खरी गफलत वजनकाट्यापाशी होते. बाळ दोघीही तोलतात, म्हणून लोकांना वाटतं काम एकच. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई घरी येतात तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. झोळीत घालून वजन, काखेत थर्मामीटर, नाळ चिघळली का, अंगावर नीट ओढतंय का, श्वास घेताना छाती आत जातेय का. बाळ आज धोक्यात आहे का, एवढंच त्यांना बघायचं असतं, आणि असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

अंगणवाडीतलं वजन महिन्याचं. तक्त्यावर टिंब पडतं, मागच्या टिंबाला जोडतात आणि रेघ वर चाललीय की आडवी झालीय ते बघतात. कुपोषण तिथं पकडलं जातं, न्यूमोनिया नाही. वीस दिवसांचं लेकरू दूध ओढेना आणि घरचे म्हणतात, "येत्या वजनाला दाखवू की." इथं माझं डोकं फिरतं.

लसीचं तर तिसरंच. टोचतात नर्सबाई, बोलावून आणतात आशाताई, खोली तेवढी बहुतेक अंगणवाडीची. रात्री ताप आला म्हणून सकाळी अंगणवाडीच्या बाईंशी भांडायला जाऊ नका.

दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन ऊसतोडीला निघणाऱ्यांनी माता-बाल कार्ड कपड्यांच्या बोचक्यात खाली दाबू नये, वर ठेवावं. कारखान्यावर पोचल्यावर ते तिथल्या आशाताईंनाही दाखवा आणि अंगणवाडीतही. एकीकडं नाव लागलं म्हणजे दुसरीकडं आपोआप लागलं, असं होत नाही.