तलवारीचं पाणी : जपानी पात्यावरून लोहार कसा ओळखतात?

जपानी तलवारींचा एक व्हिडिओ गेल्या महिन्यात तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून माझ्याकडे आला. पोलादाची हजार वेळा घडी घातलेली असते, असं त्यात सांगितलं होतं. शेवटी निवेदक म्हणतो, ‘मुठीच्या आत लोहाराचं नाव कोरलेलं असतं, त्यामुळे तलवार कोणाची हे लगेच कळतं.’

घड्यांचा हिशेब शाळेतल्या गणिताने सुटतो. प्रत्येक घडीला थर दुप्पट होतात. दहा घड्यांत १,०२४ आणि पंधरा घड्यांत ३२,७६८. जपानी लोहार साधारण दहा-पंधरा घड्यांवर थांबत, कारण प्रत्येक वेळी भट्टीत थोडा कार्बन जळतो आणि थोडं लोखंड खपल्या होऊन गळून जातं. हजार घड्या घातल्या तर हातात तलवार उरणारच नाही.

नावाचं विधान मात्र वरवर पटतं. पात्याचा जो भाग मुठीत जातो त्याला नाकागो म्हणतात. त्यावर छिन्नीने लोहाराचं नाव, कधी गाव आणि साल कोरलेलं असतं. पण सतराव्या शतकात एदो, म्हणजे आजच्या टोकियोत, कोतेत्सु नावाचा लोहार झाला. त्याच्या नावाच्या खोट्या तलवारी इतक्या झाल्या, की ‘कोतेत्सु दिसली की खोटी समज’ अशी म्हणच पडली. दुसऱ्या टोकाला गो योशिहिरो. त्याची सही असलेलं एकही पातं आज माहीत नाही. ‘गो आणि भूत कोणी पाहिलेलं नाही,’ असं जपानी माणूस म्हणतो. सर्वांत प्रसिद्ध जो मासामुने, त्याच्याही सहीची पाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

जुन्या पात्यांच्या सह्या जाण्याचं आणखी एक साधं कारण आहे. चौदाव्या शतकात ९० सेंटिमीटरहून लांब पाती बनत. पुढे पायी लढताना ती अवजड झाली, म्हणून मुठीकडून कापून आखूड केली. कापलेल्या तुकड्याबरोबर सहीही गेली.

मग ओळखायचं कशावरून? जाणकार आधी पात्याचा घाट पाहतो. बाक मुठीजवळ आहे की मध्यावर, टोक लहान आहे की लांब, रुंदी कशी उतरते, यावरून काळाचा अंदाज येतो. १२७४ आणि १२८१च्या मंगोल स्वाऱ्यांच्या सुमाराचा घाट वेगळा आणि १६६०च्या दशकातला जवळजवळ सरळ घाट वेगळा. मग पोलादाचा पोत पाहतो : लाकडाच्या उभ्या रेषांसारखा असेल तर यामातो प्रांतातल्या लोहारांची परंपरा मनात येते. नाकागोवरचा गंज आणि कानशीच्या ओरखड्यांची दिशाही बोलते. म्हणूनच तो गंज घासून काढणं हा मोठा गुन्हा मानतात. पण खरी ओळख पटते ती धारेवरच्या पांढुरक्या नक्षीवरून, म्हणजे हामोनवरून. ती का पटते, हे सांगण्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

आपल्याकडे लोहार विळ्याला, कोयत्याला ‘पाणी देतो’. तापून लाल झालेलं पातं पाण्यात बुडवतो आणि धार कठीण होते. जपानी लोहार हेच करतो, पण बुडवण्याआधी पात्यावर माती लिंपतो. चिकणमाती, कोळशाची भुकटी आणि दगडाची पूड यांचा हा लेप पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ असतो. पाठ सावकाश निवते, धार झटक्यात.

आता पोलादाच्या आत डोकवू. धारेच्या पोलादात ०.६ ते ०.७ टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो. साडेसातशे अंश सेल्सिअसच्या पुढे लोखंडाचे अणू अशा जाळीत बसतात, की घनाच्या आठ कोपऱ्यांवर एकेक आणि सहाही पृष्ठांच्या मध्यावर एकेक. हे ऑस्टेनाइट. या जाळीतल्या पोकळ्यांत कार्बनचे अणू सहज मावतात. निवताना लोखंडाला दुसरी रचना हवी असते : आठ कोपरे आणि घनाच्या पोटात एक अणू. तिच्यात कार्बनला जागा जवळजवळ नसतेच. सावकाश निवलं तर कार्बन बाहेर सरकतो, लोखंडाशी संयोग पावून त्याचे पातळ पापुद्रे होतात आणि पर्लाइट नावाचं चिवट, मऊसर पोलाद तयार होतं. पाठीकडे हेच घडतं.

धारेकडे कार्बनला सरकायला वेळच मिळत नाही. तापमान अडीचशे अंशांच्या आसपास आलं की सगळी जाळी एकदम कलते, जवळपास ध्वनीच्या वेगाने, आणि कार्बन आत अडकून राहतो. अडकलेल्या कार्बनमुळे घन एका दिशेला ताणला जातो. हे मार्टेन्साइट, अत्यंत कठीण आणि ठिसूळ. ते ऑस्टेनाइटपेक्षा जास्त जागा घेतं, म्हणून धारेची बाजू शेवटी लांब राहते आणि पातं पाठीकडे वाकतं. जपानी तलवारीच्या बाकातला बराचसा भाग या फुगण्यातून येतो. याच ताणाने कधी धारेला आडवी चीर जाते आणि महिन्यांची मेहनत पाण्यात जाते.

दोन्हींच्या सीमेवर निवण्याचा वेग मधलाच असतो. तिथे मऊ पर्लाइटमध्ये मार्टेन्साइटचे दाणे विखुरतात. पातं दगडांवर पाजळलं की कठीण दाणे आणि मऊ भाग वेगवेगळ्या तऱ्हेने झिजतात, प्रकाश वेगळा परतवतात आणि नक्षी दिसते. दाणे डोळ्यांना सुटे दिसत असतील तर त्यांना निए म्हणतात आणि इतके बारीक असतील की नुसतं धुकं दिसतं, तर निओइ. दोन्ही एकाच पदार्थाची रूपं. पातं जास्त तापवलं की ऑस्टेनाइटचे कण वाढतात आणि मार्टेन्साइटही भरड होतं. म्हणजे निएचा जाडपणा पाहून सातशे वर्षांपूर्वी एका अंधाऱ्या कार्यशाळेत पातं किती लाल झालं होतं याचा अंदाज बांधता येतो! अंधार अशासाठी, की लोहाराचा थर्मामीटर म्हणजे तापलेल्या पोलादाचा रंग.

आणि हा रंग प्रत्येक घराण्याच्या डोळ्यांत वेगळा मुरलेला असे. बिझेन प्रांतातले लोहार तुलनेने कमी तापवत. त्यांच्या पात्यांत निओइचं धुकं दिसतं आणि नक्षीच्या वर उत्सुरी नावाची एक फिकट सावली दिसते. सागामी प्रांतातल्या कामाकुराचा मासामुने जास्त तापवे. त्याच्या धारेवर निए चांदण्यांसारखे विखुरलेले असतात, त्यांतून चमकत्या रेघा धावतात. पुढच्या शतकांत बिझेनच्या लवंगांच्या कळ्यांसारख्या नक्षीची नक्कल अनेकांनी केली, पण त्या सावलीसकट ती फार थोड्यांना साधली. नाव कोरायला छिन्नी पुरते. सावली आणायला तेच पोलाद, तोच ताव आणि तोच लेप लागतो.

लेपाचा हात तर अक्षरासारखा असतो. मिनो प्रांतातल्या कानेमोतोच्या नक्षीत तीन-तीन देवदारांच्या शेंड्यांसारखी टोकं येतात. ओसाकाच्या सुकेहिरोने धारेवर समुद्राच्या उसळत्या लाटा उमटवल्या. कोतेत्सुची नक्षी जपमाळेच्या मण्यांसारखी गोल. इसे प्रांतातल्या कुवानाच्या मुरामासाची नक्षी पात्याच्या दोन्ही बाजूंना सारखी उतरते आणि त्याचा नाकागो माशाच्या पोटासारखा फुगीर असतो.

मुरामासाचं नाव निघालं की शापित तलवारीची गोष्ट येतेच. पुढे जपानची सत्ता हाती घेणाऱ्या तोकुगावा इएयासुच्या आजोबांना १५३५ मध्ये मुरामासाच्या तलवारीनेच मारलं, असं सांगतात, आणि घराण्यातल्या इतर दुर्घटनाही त्याच नावावर मांडतात. पण कुवाना आणि तोकुगावांचा मिकावा प्रांत एकमेकांच्या जवळ आहेत, त्यामुळे मिकावाचे सामुराई मुरामासाची पाती मोठ्या संख्येने वापरत. ज्या तालुक्यातले बहुतेक कोयते एकाच लोहाराकडचे, तिथे कोयत्याच्या बहुतेक जखमाही त्याच्याच नावावर निघणार. इएयासुच्या स्वतःच्या संग्रहातलं मुरामासाचं पातं नागोयाच्या तोकुगावा कला संग्रहालयात आहे. पोलादाला रक्ताची तहान लागत नाही. तरी ही अफवा लिलावात किंमत वाढवते आणि ती पसरवणारे हे नीट जाणून असतात.

ही नजर तयार करण्याची जपानी पद्धत मला फार आवडते. नाकागो झाकून पाती मांडतात, प्रत्येकजण पाहून कागदावर नाव लिहितो. लोहार बरोबर निघाला तर ‘आतारी’. नाव चुकलं, पण त्याच गुरूचा इतका जवळचा शिष्य असेल की फरक करणं अवघड, तर ‘दोझेन’, म्हणजे जवळजवळ तेच. घराणंच चुकलं तर ‘इया’, नाही. तलवारी पारखण्याचं हेच काम होनआमी घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या केलं. शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी शासक, योशिमुने याच्या आज्ञेवरून १७१९ मध्ये त्यांनी नामांकित तलवारींची यादी केली. बिनसहीच्या पात्यांवर ते आपला निर्णय सोन्यात जडवत. आजच्या प्रमाणपत्रांत कधी नावाआधी ‘देन’ लिहितात : परंपरेने अमुक लोहाराचं, पण काही लक्षणं पूर्ण जुळत नाहीत. अलीकडे न्यूट्रॉनचा झोत सोडून पातं न कापता आतले थर आणि मार्टेन्साइटचं प्रमाण मोजतात. त्याने जोड कुठे आहे, धार किती कठीण आहे हे कळतं. नाव सांगायला अजून डोळेच लागतात.

डोळ्यांनाही चकवणारं एक पातं आहे. क्योतोचा लोहार आवातागुची योशिमित्सु खंजीरांसाठी प्रसिद्ध. त्याची एक लांब तलवार ‘इचिगो हितोफुरी’ म्हणून ओळखली जाते, आयुष्यात एकच अशा अर्थाने. ती इएयासुच्या आधीचा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे आली, आखूड केली गेली, पण योशिमित्सुची सही जपण्यासाठी तेवढा तुकडा कापून नव्या नाकागोत चौकटीसारखा बसवला. १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला जळला आणि ही तलवार आगीत सापडली. तापून निवताना धारेतलं मार्टेन्साइट नाहीसं झालं, नक्षी गेली. मग इएयासुच्या आज्ञेवरून एचिझेन प्रांतातल्या यासुत्सुगु या लोहाराने तिला नव्याने माती लिंपली आणि पाणी दिलं. आज ती जपानच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. पोलाद योशिमित्सुचं, सही योशिमित्सुची आणि खरी. धारेवरचं पाणी यासुत्सुगुचं.